तालमीतला खोकला

दोन हजार तेवीस साल. आधारकार्डावर माझं वय सदुसष्ट, आई सांगायची त्या हिशेबानं दोन वर्षं जास्तीच. त्या साली मला टीबी झाला. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. लिहिताना हात अडखळतो, पण हे दुसऱ्याकडून लिहून घ्यायचं नाही असं ठरवलं. ज्याला हे दुखणं आलंय आणि तोंड उघडायची लाज वाटतेय, त्याच्यासाठी लिहितोय. औषधांची नावं मला विचारू नका, ती डॉक्टर सांगतील.

माझं गाव घाटनांदूरच्या अलीकडं. तरुणपणी आजूबाजूच्या जत्रांत कुस्त्या मारल्या, म्हणून गाव अजून वस्ताद म्हणतं. नाव दत्तोबा, पण त्या नावानं हाक मारणारी माणसं आता थोडीच राहिली.

तालीम का काढली ते आधी सांगतो, कारण माझं दुखणं आणि तालीम वेगळी करता येत नाहीत. आमच्या गावात ज्याच्या त्याच्या खिशात शुगरच्या नाहीतर बीपीच्या गोळ्या. माझा एक चुलतभाऊ पन्नाशीही न गाठता शेतात बसल्या जागी गेला. त्याच्या तेराव्याला गौतम माझ्याजवळ येऊन बसला. गौतम आमच्या भीमनगरातला, सगळी नोकरी एसटीत ड्रायव्हर म्हणून केली, आता रिटायर. त्यालाही शुगर.

"वस्ताद," तो म्हणाला, "तुमी रोज पारावर बसून जुन्या कुस्त्या सांगता. आमाला पाठ झाल्यात. त्यापरीस सकाळी चार माणसं उठवा की."

ते मला लागलं. दुसऱ्या आठवड्यात सोसायटीचं पडीक गोदाम ग्रामपंचायतीकडून मागून घेतलं. उंदरांनी पोखरलेली पोती बाहेर काढली, जमीन सारवली. ट्रॅक्टरचे जुने टायर आले. तेलाच्या डब्यांत सिमेंट भरून वजनं केली, मुदगल माझे होतेच. एका आडत्यानं धान्याचा जुना काटा दिला, त्यावर माणसं तोलायची. फी नव्हती. जो येईल त्यानं आपल्या पाळीला झाडून काढायचं, एवढाच नियम. किल्ली गौतमकडं, शिकवायचं माझ्याकडं. गावच्या आशा वर्कर, आमच्या आशाताई, आठवड्यातून एकदा येऊन बीपी मोजायच्या.

बायकांची वेळ मी आधी कबूल केली नव्हती. तालमीत बाई हे माझ्या कानाला नवं होतं. मग एक दिवस गौतमची बायको आणि माझी सून सुरेखा दोघी दारात येऊन उभ्या राहिल्या. सुरेखानं पदर डोक्यावर घेऊन खाली बघतच सांगितलं, "मामा, शुगर काय बाईमाणूस बघून होत न्हाई." स्वयंपाक उरकल्यावरची वेळ बायकांची ठरली.

एक गोष्ट मात्र मी कुणाचं न ऐकता केली. गोदामाला वर भिंतीत झरोके होते. ते मी विटा लावून, मातीनं लिंपून बुजवले. जुनी तालीम अशीच असायची, ठेंगणी, अंधारी, दार एवढंसं. घामेजल्या अंगाला वारा लागला की अंग धरतं, असं आमच्या वस्तादांनी सांगितलेलं. गौतम म्हणाला, "वस्ताद, हवा येऊ द्या. गाडीच्या काचा लावल्या की माणसं उलट्या करतेत."

"ही एसटी न्हाई," मी म्हणालो.

*

खोकला कधी सुरू झाला ते मला धड सांगता येणार नाही. तालमीची माती बारीक, ती घशात जाते असं मी धरून चाललो. मेडिकलमधून बाटली आणली, संपली, दुसरी आणली. संध्याकाळी अंग कोमट व्हायचं. पहाटे बनियन ओली असायची. आणि वजन उतरत होतं.

आता हे तुम्ही नीट वाचा, कारण फसलो ते इथं. वजन उतरलं म्हणून मी खूश झालो. पोट गेलं, गालफडं दिसायला लागली. काट्यावर उभा राहून मी सगळ्यांना दाखवायचो. "बघा, म्हाताऱ्याचं उतरतंय, तुमचं कावून उतरत न्हाई?" लोकं माना डोलवायची. एकट्या आशाताई डोलवत नव्हत्या.

"वस्ताद, तुमचं जरा जास्तच भराभर उतरतंय," त्या म्हणाल्या. "थुंकी तपासायला देता का?"

"पैलवानाची थुंकी काय तपासता?" मी हसण्यावारी नेलं. त्या हसल्या नाहीत.

एक दिवस सकाळी मुदगल फिरवता फिरवता ढास लागली. कोपऱ्यात जाऊन टॉवेल तोंडाला लावला. काढला तर त्यावर रक्त. टॉवेलाची घडी केली, काखेत धरली आणि पोरांना म्हणालो, "चालू ठेवा रे." दार लोटून बाहेर आलो. घरी आलो. आमची मालकीण, कौसल्या, अंगणात होती. तिनं टॉवेल ओढून घेतला, उलगडला, आणि पोराला हाक मारली.

*

बालाजी, माझा मुलगा, मोटरसायकलवर मला अंबाजोगाईला सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. छातीचा फोटो काढला, डब्यांत थुंकी घेतली. रिपोर्ट घेऊन एक डॉक्टरीणबाई आली. वयानं माझ्या सुनेपेक्षाही लहान वाटावी अशी, तोंडाला मास्क. सरळ सांगितलं, "बाबा, टीबी आहे. औषधानं बरा होतो. पण गोळी एकही चुकवायची नाही."

मला वाटलं होतं हे ऐकून भीती वाटेल. तशी वाटली नाही. आपण पडलो तर उठू, एवढी धमक अंगात होती. भीती तिच्या पुढच्या प्रश्नानं घातली.

"घरात कोण कोण आहे?"

मी सांगितलं. बायको, मुलगा, सून, नात. नात चार वर्षांची, रात्री माझ्याच जवळ झोपणारी.

"आणि रोज जवळून कुणासोबत वेळ जातो? बंद जागेत?"

मी बालाजीकडं बघितलं. बालाजी म्हणाला, "गावात तालीम हाय मॅडम. हे शिकवतेत."

"हवेशीर आहे का?"

तेव्हा मला ते झरोके दिसले. विटा मीच लावल्या होत्या, गिलावा माझ्याच हातानं केला होता. आत माणसं धापा टाकत होती आणि मध्ये उभा राहून मी खोकत होतो. रोज. सकाळी गडी, मग बाया.

"न्हाई," मी म्हणालो. "वारा येऊ न्हाई म्हणून बंद केलीय."

तिनं लिहिता लिहिता हात थांबवला. रागावली नाही. "मग त्या सगळ्यांना तपासावं लागेल, बाबा. त्यांना सांगावं लागेल."

बालाजीनं माझ्याकडं बघितलं. बाहेर आल्या आल्या त्यानं कॉरिडॉरमध्येच सांगितलं. "अण्णा, गावात न्यूमोनिया म्हणायचं. टीबी म्हटलं की पोरीला उद्या कुणी दारात उभं करणार न्हाई."

मी हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही.

*

रक्त पडत होतं म्हणून वॉर्डात ठेवलं. लांबलचक खोली, दोन्ही बाजूला खाटा, आणि खिडक्या सताड उघड्या. थंडीचे दिवस. पहिल्या सकाळी मी उठून माझ्याजवळची खिडकी लावली. सिस्टर आली, उघडून गेली. मी परत लावली. तिनं परत उघडली.

"सिस्टर, वारा लागतोय."

"लागू द्या. त्यासाठीच उघडलीय."

तिसऱ्या वेळी मी हात लावला नाही. मी हट्टी आहे, पण ती माझ्याहून हट्टी निघाली.

दिवस असा जायचा. पहाटे गोळ्या, उपाशीपोटी. मग मळमळ. लघवी तांबडी व्हायची, पहिल्यांदा बघून घाबरलो. शेजारच्या खाटेवर गेवराईकडचा एक मेंढपाळ होता. तो म्हणाला, "घाबरू नका पाव्हणं, गोळीचा रंग हाय तो. मला तर वाटलं होतं देवीचा कोप झाला." दोघं हसलो आणि दोघांनाही ढास लागली. जेवण जायचं नाही. कौसल्या भाकरी आणि दूध पाठवायची. भाकरी मेंढपाळ खायचा, मी दूध प्यायचो. सांगायचं एवढंच की गोळ्यांचा त्रास पहिले काही दिवस फार होतो. तिथंच लोकं सोडतात. मेंढपाळानं मागं एकदा सोडल्या होत्या, म्हणून तो परत आला होता. त्यानं मला दम दिला, "तुमी सोडल्या तर मी तुमच्या गावात येऊन सांगीन."

त्या खाटेवर पडून मी एकच गोष्ट मोजत होतो. तालमीत कोण कोण येत होतं. कोण माझ्याजवळ उभं राहायचं. कुणाला मी कानाशी तोंड नेऊन श्वास सोडायला शिकवला. बैठका मारताना सुरेखा भिंतीकडच्या कोपऱ्यात असायची, तिथं हवा सगळ्यात कमी.

गौतम भेटायला आला. वॉर्डाच्या दारावर बोर्ड होता, त्यावर कसला वॉर्ड आहे ते मोठ्या अक्षरात लिहिलेलं. त्यानं तो वाचला. मी खाटेवरून बघत होतो, त्यानं वाचला हे मला कळलं, आणि मला कळलं हे त्यालाही. आत येऊन तो लांब बसला नाही. खाटेजवळच्या स्टुलावर बसला.

"तालीम कशी चाललीय?" मी विचारलं.

"बंद हाय."

"कावून?"

तो टोपी काढून हातात फिरवायला लागला. म्हणाला, "पांडबानं किल्ली मागून घेतली. तुमाला न्यूमोनिया झाला तो माझ्या खोकल्यानं झाला म्हणतेत. भीमनगरच्या बायांनी तिकडं यायचं न्हाई असंबी ठरलंय."

पांडबा माझ्याबरोबरीचा, पंचायतीत वजन असलेला माणूस. गौतमला खोकला होता हे खरं. ड्रायव्हरकीत आयुष्यभर धूळ आणि धूर खाल्लेला खोकला, तो सगळ्या गावाला माहीत. पण आता तो कामाला आला होता.

"मग तू काय म्हणालास?"

"मी काय म्हणणार? दिली किल्ली." तो उठला. दाराशी जाऊन थांबला. "तुमी बरे व्हा आधी."

बोर्डाबद्दल त्यानं एक शब्द काढला नाही. त्यानं काढला असता तर बरं झालं असतं. रात्रभर मला त्याचं ते गप्प बसणं टोचत राहिलं. आयुष्यात माझं काही दुसऱ्याच्या नावावर लागलं नाही. कुस्ती हरलो तर माझ्या नावानं हरलो. आणि आता माझं दुखणं दुसऱ्याच्या अंगावर टाकून मी खाटेवर पडलो होतो.

*

घरी सोडलं तेव्हा डॉक्टरीणबाईनं सांगितलं होतं की अजून काही दिवस मास्क लावा, वेगळे झोपा, मग परत थुंकी तपासू. ते सगळं पाळलं. थुंकी साफ आली त्याच दिवशी मी बालाजीला म्हणालो, "संध्याकाळी गोदामापुढं लोकं बोलाव."

"कशाला?"

"सांगायचंय."

तो ताडकन उठला. "अण्णा, तुमी सांगून मोकळे व्हाल. आमाला ह्या गावात राहायचंय. माझी पोरगी हाय."

"त्याच पोरीला तपासायला घेऊन गेला न्हाईस अजून. न्यूमोनिया म्हणून कुठं घेऊन जाणार?"

तो बाहेर निघून गेला. कौसल्या चुलीपुढं बसून रडत होती. सुरेखा मध्येच पदर तोंडाला लावून आतल्या खोलीत गेली. मला वाटलं, तीही रडते आहे.

लोकं आली. पांडबा पुढं, किल्ली त्याच्याच हातात. गौतम मागं, रस्त्याच्या पलीकडं उभा. मी मास्क खाली केला नाही, सगळ्यांपासून लांब उभा राहिलो.

"मला न्यूमोनिया झाला न्हाई," मी म्हणालो. "टीबी झालाय."

पुढची माणसं मागं सरकली. एकानं पोराचा हात ओढला.

पांडबा म्हणाला, "म्हंजे गौतमकडूनच—"

"गौतमला काही न्हाई. त्याचा खोकला गाडीच्या धुळीचा हाय, तुला अन् मला दोघालाबी माहीत हाय. दुखणं माझं हाय. कुणाला लागलं असंल तर माझ्याकडून लागलंय. अन् ह्या भिंती मी बुजवल्यात, त्यामुळं लागलंय."

"आमच्या सुना येत होत्या इथं, वस्ताद," मागून एक बाई ओरडली. "आता आमी काय करावं?"

"तपासायचं. सगळ्यांनी. आशाताईनं गाडी बोलावलीय फोटोची. परवा येतेय. ज्याला निघंल त्याला फुकट गोळ्या हाईत, अन् माणूस बरा होतो. मी उभा हाय की तुमच्यापुढं."

"आन् न्हाई तपासलं तर?" पांडबानं विचारलं.

"तर तुला खोकला येईपर्यंत वाट बघ."

कुणी हसलं नाही. मी पहार आणायला सांगितली होती. शिडी लावून पहिल्या झरोक्याला घाव घातला. दुसऱ्याला धाप लागली, हातातली पहार सुटली. शिडीवर तसाच धरून उभा राहिलो. चारचौघांत हात गळाला, हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदा. गौतम रस्ता ओलांडून आला, खालची पहार उचलली आणि म्हणाला, "उतरा. ड्रायव्हर बदला आता."

विटा त्यानं पाडल्या. पांडबानं किल्ली ओट्यावर ठेवली आणि गेला.

*

फोटोच्या गाडीपुढं सकाळी कुणीच नव्हतं. आशाताई, मी आणि लांब खुर्चीत बसलेला गाडीचा टेक्निशियन. मग गौतम आणि त्याची बायको आली. त्यांचं बघून भीमनगरातली बाकीची. दुपारी गावातली पोरं, मग एकेक करून बाया, पदरानं तोंड झाकून. पांडबा दिवेलागणीला आला. "शुगरचं विचारायला आलतो," म्हणाला, आणि रांगेत उभा राहिला.

निकाल यायला जे दिवस गेले त्या दिवसांबद्दल मला फार लिहवत नाही. आशाताईंची गाडी गल्लीत वाजली की मी दारात जाऊन उभा राहायचो. गौतम साफ. त्याची बायको साफ. पोरं साफ. पांडबा साफ. नात साफ, पण तिला लहान म्हणून आधीच बचावाच्या गोळ्या सुरू केल्या. प्रत्येक नावाला मी हात जोडत होतो, देवाला की आशाताईला ते माहीत नाही.

शेवटी त्या आमच्या घरात आल्या आणि मला बाहेर न बोलावता आत कौसल्याशेजारी बसल्या. तेव्हाच कळलं.

सुरेखा.

तिला खोकला होता. महिनाभर होता. पदर तोंडात कोंबून ती आतल्या खोलीत खोकायची. घरात एक आजारी असताना आपण कसं पडायचं, म्हणून सांगितलं नव्हतं. आणि मी समजलो होतो, ती रडतेय.

बालाजी माझ्यावर धावून आला असं म्हणायला हरकत नाही. हात उगारला नाही, पण जे बोलला ते लिहिणार नाही. ते खरं होतं, म्हणून. तालमीत लागलं का घरात, हे कुणी सांगू शकत नाही. मला तर दोन्ही ठिकाणी मीच दिसत होतो.

दुसऱ्या दिवशी परळीकडून तिचा भाऊ आला. उंबऱ्याच्या आत आला नाही. "ताई, कपडे भर. माहेरी चल," एवढंच म्हणाला.

सगळं घर थांबलं. ती गेली असती तर मी तिला दोष दिला नसता. तिकडं गोळ्या कोण देणार, चुकल्या तर काय, हे मनात येत होतं. पण मला बोलायचा हक्क राहिला नव्हता. भिंतीला टेकून उभा राहिलो.

सुरेखा बाहेर आली. मास्क लावलेला, पदर डोक्यावर.

"दादा, मी कुठंबी येत न्हाई. आशाताई इथं हाय, दवाखाना इथं हाय. मामांचं निम्मं झालंय की बरं. माझंबी होतंय."

"आन् पोरीचं?"

"पोरगीबी गोळ्या खातीय. माझ्यापरीस शहाणी हाय, तोंड वाकडं करत न्हाई."

भाऊ ओट्यावर बसला, पाणी प्याला आणि गेला. जाताना माझ्याकडं बघितलं नाही.

संध्याकाळी ती अंगणात, माझ्यापासून लांब, पण मोकळ्या हवेत बसली होती. एकाएकी म्हणाली, "मामा, एक इचारू का?"

"इचार."

"मला चाळीस बैठका यायला लागल्या होत्या. गेल्या का त्या आता?"

तिनं असलं काही विचारलं नसतं, शिव्या दिल्या असत्या, तर मला सोपं गेलं असतं.

"जातील," मी म्हणालो. खोटं कशाला सांगायचं? "पाच मारल्या तरी पाय कापतील. माझे कापतेत. पर परत येतेत."

"किती दिवसांनी?"

"ते मलाबी बघायचंय."

तिनं मान हलवली आणि पोरीची वेणी घालायला घेतली.

*

तालमीत एक रीत असते. लहान पैलवान मोठ्यासाठी बदाम वाटतो. मोठ्याचं अंग रगडतो, मोठ्याचं दूध तापवतो. उलटं होत नाही. मी तरुणपणी वर्षानुवर्षं आमच्या वस्तादांसाठी वाटले, आणि माझ्यासाठी पोरांनी वाटले. सुनेसाठी सासरा वाटतो असं तर कुणी ऐकलेलंही नसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात कुणी उठायच्या आधी मी भिजवलेले बदाम सोलले. खलबत्ता कौसल्यानं कुठं ठेवला होता तो शोधायला वेळ लागला. वाटताना खांदा भरून आला, मध्ये दोनदा थांबलो. दूध तापवलं, थोडं उतू गेलं, उरलेल्यात बदाम ढवळले. आशाताई आल्या, सुरेखानं त्यांच्यासमोर गोळ्या घेतल्या, मी माझ्या घेतल्या. मग मळमळ ओसरेपर्यंत थांबलो आणि तांब्या घेऊन तिच्यासमोर अंगणात गेलो.

ती उभी राहिली. "मामा, हे तुमी कावून केलं? मी केलं असतं की."

"बस खाली," मी म्हणालो. "गार होतंय."